मनगटावरचा जांभळा शिक्का

"हात दिखाओ, मौसी."

मुलुंडच्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने माझं मनगट धरलं आणि धपकन शिक्का मारला. जांभळा. भाकरीएवढा. बरं, पुरीएवढा म्हणा. नवरा देवनारला कत्तलखान्यात हमाली करतो. तिथे पास झालेल्या मटणावर असाच शिक्का बसतो.

नियम सेक्रेटरी साहेबांचा. कामवालीने मोबाईलवर लस दाखवायची, मग रोज शिक्का. शिक्का नाही तर आत सोडायचं नाही.

लशीशी माझं भांडण नव्हतं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत माझा भाऊ गेला. प्लास्टिकमध्ये बांधलेला, तोंडसुद्धा दाखवलं नाही. लस आली तेव्हा रांगेत पहिली मी. आमची साकीनाक्याची अर्धी वस्ती मीच ओढत नेली म्हणा ना. सुई बघून पळणारीच्या तर मांडीवर बसले.

पण गेटवर माझं डोकं भणभणलं. साहेब गेले, मॅडम गेल्या, त्यांचा कुत्रा गेला. कुणाचं मनगट कुणी धरेना. यात काहीतरी काळंबेरं आहे, मी म्हटलं.

त्याच सेक्रेटरी साहेबांच्या घरी मी पोळ्या करायचे. कितीही धुतलं तरी शाई जाईना. कणीक मळली, शाई उतरली. पहिली पोळी टम्म फुगली, वर जांभळे डाग. मॅडमनी सगळा मजला गोळा होईल असा आवाज काढला. काय कालवलंस म्हणे. मी म्हटलं, तुमच्याच सोसायटीची शाई आहे. मग मनातलं ओठांवर आलं.

"मॅडम, तुम्ही घेतली का लस?"

त्यांनी काढ्याचा कप खाली ठेवला. "आमचा नाही विश्वास. आणि सक्ती थोडीच आहे? सरकारच म्हणतंय, ऐच्छिक."

"मग मला कुठलं सरकार?"

"तुझं वेगळं आहे गं. तू वस्तीतून येतेस."

वस्तीतून. म्हणजे रोग माझ्या पदराला बांधलेला, आणि ह्यांचा श्वास गंगाजळ. वरच्या मजल्याला ऐच्छिक, खालच्याला सक्ती. कायदा एकच, पण तोही ह्यांच्या लिफ्टने येतो-जातो.

गॅस बंद केला. परात तशीच ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी गेटवर हात पदराखाली घेतला. वॉचमन बिचारा गोंधळला. साहेब खाली आले. शिक्का नाही तर काम नाही, म्हणाले.

"सगळ्यांना सक्ती करा साहेब, पुन्हा पहिली मीच टोचून घेईन. पण शिक्का आधी तुमच्या मनगटावर."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले.

काम गेलं. त्या टॉवरमधली बाकीची घरंही गेली. जाऊ देत.

आता नवीन घरी कुणी लशीचं विचारलं की दाखवते. आणि तिथेच, दारात उभी राहून विचारते, तुमची दाखवा. जो दाखवत नाही, त्याच्या कणकेला माझा हात लागणार नाही.