इशारे : शून्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढा विषय टाळून बाकीचं मागून घेते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

शनिवारी सकाळी फोन वाजला की मी धावत जाऊन उचलते. आमच्या बोईसरच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. शनिवारी सकाळी सगळं पुन्हा सुरू होतं, दिवसभर गार पडलेली यंत्रं जागी होतात. फोन बहुतेक वेळा नणंदेचा असतो. धावत आलीस का गं, असं ती विचारते आणि मी हो म्हणते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

मी इथल्या एका छोट्या कंपनीत आहे. कारखान्यात विषारी वायू गळला तर भोंगा वाजवणारं यंत्र आम्ही बनवतो. भिंतीवर वायू हुंगणारा सेन्सर आणि शेजारच्या पेटीत छोटा संगणक. त्या संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, तयार करणं हे माझं काम. आपण लिहिलेला कोड कम्पायलरला द्यायचा, तो यंत्राला कळेल असा करून देतो, आणि काही खटकलं तर इशारा देतो. आमच्याकडे नियम असा की एकही इशारा उरला तर कर्नल बाहेर जायचा नाही. कागदावर ‘इशारे’पुढे शून्य लिहायचं आणि खाली सही करायची. सही माझी.

तर — आमचा जुना संगणक बसला. त्यावरचा जुना कम्पायलर नव्या संगणकावर चालेना, म्हणून नवा घेतला. नव्याने आमच्या जुन्या कर्नलला दारातच अडवलं. आधी एक फाइलच सापडत नाही म्हणाला. ती दिली, तर पुढच्या ओळीवर अडला. नवी सून सासरच्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून नाक मुरडते ना, तसं चाललं होतं. मीही तशीच होते, त्यामुळे मला त्याचा राग नव्हता. आठ दिवस मी एकेक इशारा निस्तरत गेले. मन लावून, नीट. मग एकच उरला.

तो काय होता, ते सांगायलाच हवं. यंत्र सुरू झालं की आधी स्वच्छ हवेचा आकडा घेतं आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून तो वजा करतं; उरलेलं जास्त भरलं की भोंगा. नवा कम्पायलर सांगत होता, सेन्सरने वेळेत उत्तर दिलं नाही तर त्या आकड्याच्या जागी कुणी काहीच भरत नाही, तिथे वाट्टेल ते राहील. जुन्या कम्पायलरकडून तिथे निव्वळ नशिबाने शून्य पडत आलं होतं. मला काय वाटलं? साप साप म्हणून भुई धोपटतोय. सेन्सर उत्तर देत नाही, असं कधी झालंय का? दुरुस्ती एका ओळीची होती. पण त्या ओळीला हात लावला की सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या, आणि यंत्रं दुसऱ्या दिवशी जायची होती. मी वेगळीच एक ओळ लिहिली — या जातीचा इशारा दाखवू नकोस. कम्पायलर गप्प झाला. मी शून्य लिहिलं, सही केली आणि चहा प्यायला गेले.

ऑफिसात भोंगा दर वेळी वाजला. वाजणारच. ऑफिसातलं यंत्र कधी दिवसभर बंद असतं का? दिवसभर बंद राहून गार पडलेला सेन्सर पहिलं उत्तर उशिरा देतो, हे कळलं ते नंतर.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, एका कारखान्यात क्लोरीन गळला. भोंगा वाजला नाही. सुखराम नावाचा कामगार नळीजवळ होता. वाचला तो, पण अजूनही चार पावलं चालला की थांबतो. आमच्या साहेबांबरोबर मी दवाखान्यात गेले, तेव्हा त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मलाच म्हणाला, “बजा ही नहीं, मॅडम.” तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगत होता.

यंत्र ऑफिसात आणलं. आतल्या नोंदी मी एकटीने उघडल्या. सेन्सरचे आकडे चढत गेले होते, अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि वजा होणारा आकडा भलताच मोठा. माझी ओळ. त्या वेळी उठून साहेबांना हाक मारायची होती, दार तर उघडंच होतं. मी काय केलं? चाचणीच्या नावाखाली कर्नल पुन्हा चढवला. तसं केलं की जुन्या नोंदी पुसल्या जातात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इथपर्यंतचं मी स्वतःशी अधूनमधून कबूल करते. पुढचं नाही.

बैठकीत साहेबांनी विचारलं, प्रोग्राममध्ये काही असेल का? मी कागद पुढे सरकवला. इशारे शून्य, खाली सही. सगळे त्या कागदाकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता कुणीतरी नोंदी मागणार. मी घाबरले. इतकी घाबरले की तोंडातून निघून गेलं, “सेन्सरचं टोपण राहिलं असेल तर?”

कुणाच्या मनातही नव्हतं ते. मी घातलं.

कारखान्यात धुलाई असली की सेन्सरवर प्लास्टिकचं टोपण लावतात आणि नंतर आठवणीने काढतात. गुरुवारी तिथे धुलाई होती, आणि ते काम आमच्याच कंपनीतल्या रमाकांतदादांचं. दादा इथल्याच माहीम गावचे, पन्नाशीचे. वाडीतल्या झाडाचे पांढरे, रसाळ जाम रुमालात बांधून आणायचे आणि पहिले माझ्या टेबलावर ठेवायचे. त्यांनी खिशातून तीन टोपणं काढून साहेबांपुढे ठेवली. सगळी एकसारखी. कुठलं कुठल्या यंत्राचं, कोण सांगणार? अपघातानंतरच्या धावपळीत भिंतीवरचं सगळं दहा जणांनी हाताळलेलं. दादांची नोकरी गेली. मी मान खाली घालून टोपणांकडे बघत बसले.

मग मी ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहून नवा कर्नल सगळीकडे पाठवला. शेवटचं यंत्र बदलेपर्यंत तीन शनिवार गेले. ते कसे काढले, माझं मला ठाऊक. आता एकही तसं यंत्र राहिलेलं नाही, मी दोनदा तपासलंय. तरी भीती का जात नाही?

गेल्या वर्षी मनोरच्या बाजारात दादा दिसले, भाजी घेऊन बसलेले. मी वळणार होते, पण त्यांनीच हाक मारली. सुखरामच्या खोलीवर जाऊन त्याच्या पाया पडून आल्याचं सांगितलं. दर महिन्याला भाजी नेऊन देतात म्हणे. मग हळूच म्हणाले, “आदी मला पक्का वाटत होता, ताई, टोपण मी काढला म्हणून. आता वाटतं, नसंल काढला. माज्यामुलं त्याला दम लागतो.”

आणि जामाची पिशवी माझ्या हातात दिली. मी घेतली. घरी आणून धुतले आणि सगळ्यांना वाटले. मीही एक खाल्ला.

रमाकांतदादांनी टोपण काढलं होतं. टोपण असतं तर आकडे चढलेच नसते. ते चढलेले मी पाहिले आहेत, आणि माझ्याशिवाय ते कुणीच पाहिलेले नाहीत.