गोवराची सुई

"तुमची लेकरं तिकडं गोठ्यापाशी बसवा. ओसरीवर चढू नका."

सरपंचाची म्हातारी आई हे माझ्या मायला म्हणाली. मायच्या कडेवर माझा धाकटा भाऊ होता, अजून उभंही राहता येत नव्हतं त्याला. मी पदर धरून बाजूला. गाव आमचं पाचोडच्या अलीकडं. अंगणवाडीचं छत गळायचं, म्हणून नर्सबाई लस टोचायला सरपंचाच्या ओसरीवर बसायची. त्यांच्या सुना सतरंजीवर. आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया शेणामुतात.

माय म्हणाली, "गोठ्यात जनावरं टोचतात. माझं लेकरू जनावर नाय."

"मग घेऊन जा घरी. आमचं काय अडलंय?"

माय वळली. नर्सबाई खाली मान घालून बसली. तिनं हाक मारली नाय.

पुढच्या महिन्यात नर्सबाई परत त्याच ओसरीवर. माय गेली नाय. पाचोडच्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होती, पण रोज कामाला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. राहून गेलं. उन्हाळ्यात गोवर आला. भावाला फणफणून ताप, खोकला, अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले. मायनं त्याला पाचोडला नेलं, तिथून शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. जीव वाचला. डोळे गेले.

गाव काय म्हणालं? लई तोऱ्याची बाई, तोऱ्यापायी पोराचे डोळे घालवले. म्हातारीला कुणी काय बोललं नाय. सगळे बोलत राहिले म्हून मायलाही ते खरं वाटायला लागलं. भावाला जेवू घालताना ती त्याच्या तोंडाकडं बघायची नाय. लई वर्षं मीही मायलाच दोष दिला. मनात म्हणायचे, गिळला असता अपमान, काय बिघडलं असतं.

आता मी शहरात राहते. नवरा बजाजनगरला कामाला होता, कंपनीनं काढल्यावर आम्ही इकडं शहरातल्या वस्तीत खोली घेतली. वस्तीला लागूनच एक मोठी सोसायटी. तिथं मी स्वयंपाकाला जायचे. माझी लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा वस्तीत गोवर निघाला. दोन गल्ल्या सोडून एक लेकरू गेलं. त्याची आई रडत नव्हती, नुसती बसली होती.

सिस्टर लस घेऊन आल्या. वस्तीत बसायला सावलीची जागा नाय, म्हणून सोसायटीचा हॉल ठरला. सोसायटीची लेकरंही तिथंच टोचायची होती. आम्ही बाया लेकरं घेऊन गेलो. गेटवर सोसायटीच्या चेअरमन मॅडम उभ्या. त्यांच्याच घरी मी रोज पोळ्या लाटायचे. माझ्या हातचं त्या जेवायच्या.

मला म्हणाल्या, "हॉलमध्ये नाही. मागच्या पार्किंगमध्ये बसा सगळ्या. आधी आमची मुलं होतील. हे आजार तुमच्याकडूनच येतात."

पार्किंगमध्ये कचऱ्याचे डबे होते. बाया निमूट तिकडं निघाल्या. एक म्हणाली, "चल गं, सुईशी मतलब."

माझे पाय मात्र घराकडं वळले. खरं सांगते, वळले. अंगात मायचं रक्त. दोन पावलं टाकलीही. आणि तिथंच कळलं, आज इतक्या वर्षांनी कळलं. मी घरी गेले तर मॅडमचं काहीच जाणार नाय. जाईल ते माझ्या लेकीचं. उद्या लोक मलाच म्हणतील, तोऱ्याची बाई. मायपुढं त्या लोकांनी दोनच रस्ते ठेवले होते. शेणात बस, नायतर लेकराला मरू दे. आणि मरायची वेळ आली की दोष तिचाच.

मी तिसरीकडं गेले. सरळ हॉलमध्ये. सिस्टरसमोर एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले.

मॅडम मागं आल्या. "ऊठ. तुला काय सांगितलं?"

"उठणार नाय."

"इथं लहान मुलं आहेत."

"हे बी लहानच हाय."

सिस्टर तरुण पोरगी. घाबरली. म्हणाली, "ताई, वाद नको. मी पार्किंगमध्ये येऊन टोचते ना."

"तुम्ही येऊ नका. मी आलेय. सुई सरकारची हाय, ती इथंच टोचा."

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"येत नाय."

 एका बाईनं आपला मुलगा ओढून जवळ घेतला, जशी काय मी चावणार होते. दारातून आमच्यातली एक आत आली. मग दुसरी. कोण फरशीवर बसायला लागली, मी म्हणाले, "खाली नको. खुर्च्या हायेत."

सिस्टरनं लेकीच्या उजव्या दंडात सुई दिली. लेक जोरात रडली. मग चमच्यानं औषध पाजलं. मी विचारलं, हे कशाचं? "अ जीवनसत्त्व, ताई. डोळ्यांसाठी."  मी तोंड फिरवलं. त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं.

टोचल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. मी थांबले. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, लेकीला पाजत, पंख्याखाली थांबले.

काम गेलं. त्या इमारतीतली दुसरी दोन घरंही गेली. मॅडमनी सगळीकडं सांगितलं, बाई उर्मट आहे. व्हय, आहे.

गावी जाऊन मायला म्हणाले, "भावाचे डोळे तू नाय घालवले. त्या ओसरीनं घालवले."  माय भिंतीकडं बघत राहिली. इतक्या वर्षांचं ओझं माझ्या एका बोलण्यानं उतरायचं नव्हतं, आणि भावाला दिसायला लागणार नव्हतं.

मी त्या म्हातारीला माफ केलं नाय. मॅडमना करणार नाय. लेकीची पुढची सुई ती दीड वर्षाची झाली की आहे. वस्तीतल्या बायांना मी आत्तापासून सांगून ठेवलंय, सगळ्यांनी पुढच्या दारानं जायचं. कुणी अडवलं तर घरी फिरायचं नाय आणि बाहेर बसायचं नाय. आत जायचं. लेकरू टोचून घ्यायचं. आणि अर्धा तास होईपर्यंत कुणाच्या बापाला भिऊन उठायचं नाय.