जळक्या मोटरीचा वास

मोटर दुकानात आली की चाचा आधी तिचा वास घ्यायचे. मग तोंड वाकडं करून म्हणायचे, "हिचा दोष न्हाई, भाऊ. धोरण चुकलंय."

ओतूरच्या बाजारपेठेत माझं खतांचं दुकान आणि शेजारी चाचांचं मोटर रिवाइंडिंगचं. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, एवढाच धंदा. बोलणं मात्र थेट दिल्लीचं. "वीज म्हंजी धंदा न्हाई. ती सरकारनंच बनवावी, सरकारनंच वाटावी." मी पडलो व्यापारी. "बाजारावर सोडा चाचा, आपोआप सुरळीत होईल," मी म्हणायचो. ते हातातली तार माझ्यावर रोखायचे. "बाजार तिकडं आणे गावच्या पठारावर खांब रोवायला येईल व्हय?" मग मी चहा मागवायचो.

सभा पाण्याची असो की पतसंस्थेची, चाचा उठून एकच मागणार : शेतीला दिवसा वीज द्या. वीज यायची रात्री, तीही कमी दाबाची, म्हणून मोटरी जळायच्या. त्यातच रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या त्यांच्या एका गिऱ्हाइकावर बिबट्याने झडप घातली. माणूस वाचला, हात कायमचा अधू झाला.

मी एकदा चिडवलं, "दिवसा चांगली वीज आली तर तुमच्याकडं कोण येणार?"

"मग काय, मोटरी जळाव्या म्हणून नमाज पढू?"

पुढे सरकारी योजनेतले सौर पंप आले. आण्याचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला : सवयीने रात्री टॉर्च घेऊन रानात गेलो, तर पंप चालूच होईना. चाचा हसून हसून बेजार. "सूर्याला रातपाळी लावायची का, राव? घरी जाऊन झोपा आता."

हे पंप सहसा जळत नव्हते, बिघडलेच तर कंपनीचा माणूस येई. चाचांकडे मोटरी येईनाशा झाल्या. मी त्या पंपांना शिव्या घातल्या, तर माझ्यावरच उखडले. "मागितलं कुनी व्हतं? मीच ना?" दुकान त्यांनी बंद केलं नाही. रोज उघडायचे, झाडायचे, रिकाम्या टेबलाशी बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात चाचा गेले. दफन दुपारी होतं. एवढ्या उन्हात कोण येणार, असं मला वाटलं होतं, पण कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या गावांतले शेतकरी पिकाला पाणी देता देता तसेच निघून आले होते. मूठमूठ माती द्यायला वाकले, तेव्हा त्यांचे पाय ओल्या चिखलाने भरलेले दिसले, आणि कुणाच्याही डोळ्यांत रात्रीचं जागरण नव्हतं.