बोअरचं पाणी आणि कावेरीचे दात

“तिसऱ्यांदा आलो मॅडम. या बारीला नीट घासा.” शिवराजअण्णांनी लेकीला खुर्चीत बसवलं.

कावेरी बारा वर्षांची. पुढच्या चार दातांवर तपकिरी पट्टे. शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखं आणि दात तपासतात. दर सोमवारी ती रांगेबाहेर. बोलताना तोंडावर हात. अण्णांच्या कडेवर धाकटी, तीन वर्षांची.

भालकीच्या या दातांच्या क्लिनिकमध्ये मी डॉक्टर म्हणून नोकरी करते. आधीची दोन क्लीनिंग सरांनी, म्हणजे मालकांनी केली होती. ते आतूनच म्हणाले, “पॉलिश करून पाठव.”

क्लीनिंगने वरचा डाग निघतो. चहाचा, मिश्रीचा, गुटख्याचा. हा डाग वरचा नव्हताच. हिरडीखाली दात तयार होत असताना पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं, तर रंग दातातच बसतो. घासून जात नाही. मला मुळात बोलणं जड जातं, तरी एवढं सांगितलं.

“आमच्या बोअरला नाव ठेवायलाव व्हय?” अण्णा म्हणाले. “अख्खी गल्ली पाणी नेती. काचेवानी हाय.”

“असेल. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही.”

“मग तुमाला कसं दिसलं?”

तपासणीसाठी मी बाटलीभर पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी वीस लिटरचा जार आला. “उरलेलं तुमी प्या. नळापेक्षा बरं.” रिपोर्टमध्ये फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर निघालं. अण्णांनी कागद उलटसुलट पाहिला. “मशीन बिघडलं असंल.”

कावेरीचं काम त्यामानाने सोपं होतं. पट्ट्यांचा पातळ थर मशीनने कोरून काढला, दाताच्या रंगाचं फिलिंग लावलं. यात मुलीच्या स्वच्छतेचा दोष नाही, असं शाळेला लेटरहेडवर लिहून दिलं. कागदावर मी लाजत नाही.

अडचण धाकटीची होती. तिचे कायमचे दात अजून जबड्यात तयार होत होते. ते वाचवता येणार होते, पण पाणी आत्ता बदललं तरच. प्रत्येक भेटीत मी तेच सांगायची आणि अण्णा बोअर किती फूट खोल आहे ते सांगायचे. ते फूट मला पाठ झाले.

शेवटच्या भेटीत मी वैतागले. “अण्णा, तुमच्या पाण्यात खनिज फार जास्त आहे. लेकरांच्या दातांना ते झेपत नाही. एवढंच.”

अण्णांनी धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाले, “असं व्हय? मग हे पयलंच कामून सांगितलं न्हाई?”

रिपोर्टमध्ये याहून वेगळं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ग्लोव्हज काढले.

महिन्याने कावेरी चेकअपला आली. धाकटीला आता आरओचं पाणी देतात म्हणाली. “अण्णा गल्लीत सगळ्यांना सांगायलेत. आमच्या पाण्यात लई ताकद हाय, लेकरांना देऊ नका.” सांगताना हात मांडीवर होता.

गल्लीतल्या लेकरांचं पाणी बदललं आणि बोअरची इज्जतही शाबूत राहिली. रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.