तळघरातलं टेबल

"ताई, तुम्ही खालीच बसा. वर आउलात युनिव्हर्सिटीवाले आहेत."

स्टुटगार्टमधल्या एका गिम्नाझियमच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या, दारात, सकाळी आठ वाजता, हे मला मराठीत सांगण्यात आलं. माझ्या एका हातात हत्यारांची पेटी, काखेत कंपनीचा गुंडाळलेला बॅनर. सांगणारे मंदारदादा. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष, आणि आमच्या मराठी मंडळाचेही. शेजारी उपमुख्याध्यापिका फ्राऊ केलर हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. दोन मराठी माणसं भेटली, छान झालं, असं त्यांना वाटलं असणार.

आउला म्हणजे शाळेचा मोठा हॉल. खाली म्हणजे तळघर. सायकली लावायच्या खोलीशेजारचा बोळ. एक टेबल, एक खुर्ची. वरचा दिवा हालचाल थांबली की विझायचा. हात हलवला की लागायचा.

मी टर्नर आहे. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवत आले, आता शिकवते. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ मुलंमुली माझ्या हाताखाली असतात. साडेतीन वर्षं कारखान्यात आणि व्यवसायशाळेत शिकायचं, शिकताना पगार मिळवायचा. याला इथं आउसबिल्डुंग म्हणतात. त्या दिवशी शाळेत पुढं काय करायचं हे मुलांना सांगायचा कार्यक्रम होता. आमच्यासारख्यांनाही बोलवा, असं शाळेला वरून पत्र येतं. म्हणून बोलावतात. कुठं बसवायचं ते पत्रात नसतं.

प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद होता. तीन टेबलांवर जायचं, बोलायचं, शिक्का घ्यायचा. कागदावर सगळ्या टेबलांची नावं छापली होती. माझं नव्हतं.

दोन तास बसले. वरून माइकचा आवाज यायचा, टाळ्या यायच्या. दिवा विझायचा. मी हात हलवायचे. समोर कुणी नसताना हात हलवणारी बाई.

एकटं बसायची मला सवय आहे. तालुक्याच्या गावी दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा आई मला घेऊन शाळेत गेली. आई त्याच शाळेत झाडू मारायची. पुढं काय करावं, असं तिनं सरांना विचारलं. सर माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "शिवणाच्या क्लासला घाल. तुमच्यात तेवढं पुष्कळ झालं." आयटीआयची माहिती मला शाळेतून कुणी दिली नाही. किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जाहिरात वाचली. अर्ज भरायचे दोन दिवस उरले होते. दोन दिवस. तो कागद आईनं चुलीत घातला असता तर आज मी कुठं असते, हा विचार अजून अंगावर येतो.

टर्नरच्या वर्गात मी एकटी मुलगी. चाकणच्या कारखान्यात त्या लाइनवर एकटी बाई. जर्मनीत येऊन परत परीक्षा दिल्या, परत शिकाऊ झाले, तिशी उलटल्यावर अठरा वर्षांच्या पोरांबरोबर. आता स्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागात एका खोलीत राहते. एकटीच.

मंडळात पहिल्या वर्षी गणपतीला गेले होते. मंदारदादांच्या बायकोनं आडनाव विचारलं. सांगितलं. काम विचारलं. लेथवर, मी म्हणाले. "अय्या, म्हणजे हातानं?" आरतीनंतर सगळ्या बायका फोटोला उभ्या राहिल्या. मला कुणी हाक मारली नाही. मी आत भांडी विसळत होते. कुणी विसळ म्हणालं नव्हतं. मीच आपणहून जागा शोधली होती. ते जास्त लागलं.

साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी सायकलला लावलेली पिशवी घ्यायला आली होती. मंदारदादांची ईरा. मंडळात लहानपणापासून पाहिलेली. मराठी सगळं समजतं, बोलते जर्मनमध्ये.

"तुम्ही इथं का बसलात?" तिनं विचारलं.

"इथं बसवलं म्हणून."

तिनं टेबलावरचा मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, उचलला. मी म्हणाले, "एक केस तोड. मोज." तिनं केस तोडला, धरला, स्क्रू फिरवला. किती घट्ट करायचं ते मी दाखवलं. मिलीमीटरच्या शंभर भागांतले सहा. ती हसली. मग माझा केस मागितला. सात. मग तिनं मी लेथवर केलेला पितळी बुश, नळीसारखा छोटा भाग, मोजला. तीनदा मोजला. तीनदा तेच माप.

"हे तुम्ही केलंत? असं काम शिकायला कुठं अर्ज करायचा? मला कुणी सांगितलंच नाही."

सोळा वर्षांची होते तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या शाळेनं सांगितलं नव्हतं कारण मी खालची. हिला सांगत नव्हते कारण ही वरची.

मी तिला पत्रक दिलं. दोन आठवडे कारखान्यात येऊन बघता येतं, असं सांगत होते, तेवढ्यात मंदारदादा आले. आधी मुलीला जर्मनमध्ये म्हणाले, वर जा, तुझे शिक्के राहिलेत. मग माझ्याकडे वळले. आवाज मऊ. भाषा मराठी.

"ताई, पोरीच्या डोक्यात काही भरवू नका. अभ्यास झेपत नाही त्यांच्यासाठी हे ठीक आहे. तुमचं वेगळं. तुमच्यात चालतं."

तुमच्यात.

सहा हजार किलोमीटर. दोन भाषा. किती परीक्षा. आणि तोच शब्द, तसाच, सरांच्या तोंडातून या माणसाच्या तोंडात.

ईरा जिन्यात थांबली होती. तिला कळलं होतं. मान खाली.

मी पेटी बंद केली. बॅनर टेबलावर टाकला. टेबल उचललं. जड होतं. जिन्याच्या वळणावर कोपर खरचटलं. मंदारदादा मागून "अहो ताई, अहो" करत होते. हात कुणी लावला नाही. मीही मागितला नाही.

आउलात दोन विद्यापीठांच्या टेबलांमध्ये जागा होती. तिथं टेबल ठेवलं. सगळे बघायला लागले. फ्राऊ केलर धावत आल्या. "अशी व्यवस्था ठरलेली नाही," त्या म्हणाल्या.

"तळघरात कुणाला पाठवायचं, हे कुणी ठरवलं?"

त्यांनी मंदारदादांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "आत्ता खाली मला मराठीत जे सांगितलंत, ते इथं जर्मनमध्ये सांगा. शब्दन् शब्द."

मंदारदादांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालाय."

"नाही," मी म्हणाले. "मराठी माझी मातृभाषा आहे."

मी टेबल हलवलं नाही. उरलेल्या तासाभरात चार मुलं आली. शिक्का नव्हता, तरी आली. ईरा आली नाही. ती भिंतीशी बापाजवळ उभी होती.

मी जिंकले असं कुणी समजू नये. शाळेनं कंपनीला पत्र लिहिलं, मी कार्यक्रमात अडथळा आणला म्हणून. साहेबांनी बोलावलं. "हे बघा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला पाठवू." मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझं नाव गेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. दिवाळी खोलीत एकटीनं केली. चकल्या तळल्या, चार खाल्ल्या, बाकीच्या कारखान्यात शिकाऊ मुलांना वाटल्या.

ईराचा एक मेल आला. दोन आठवड्यांसाठी यायचंय, पण फॉर्मवर पालकांची सही लागते, बाबा करत नाहीत. अजून अठरा पूर्ण नाहीत. मी लिहिलं, पूर्ण झाल्यावर स्वतःच्या सहीनं ये. उत्तर आलं नाही. ती येईल की नाही, मला माहीत नाही.

साहेबांना मी लेखी कळवलंय, पुढच्या वर्षी मीच जाणार. पाठवायचं नसेल तर नकारही लेखी द्या. आसपासच्या अकरा शाळांना माझ्या नावानं पत्रं गेलीत. खाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. त्याखाली टर्नर. जिथं बाकीची टेबलं असतील तिथंच माझं टेबल लागेल. कुणाला ते नको असेल, तर त्यानं कारण सांगावं. मुलांच्या समोर, मुलांना कळेल अशा भाषेत. मी उभी राहून ऐकेन. आणि जागेवरून हलणार नाही.