विचारून जायची वाट

आमच्या काकांना सगळे न्यायाधीश आवडायचे, निकाल देईपर्यंत.

काका म्हणजे माझे सीनियर वकील. नात्यानं कुणी नव्हते. पण परभणीहून गंगाखेडच्या कोर्टाला जाताना पॅसेंजरमध्ये अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. सख्ख्या काकाशेजारीही कुणी इतकं बसत नाही. पोखर्णी आलं की ते खिडकीतूनच नृसिंहाला हात जोडायचे, आणि गाडी हलली की डब्यापुढे युक्तिवाद सुरू.

"घटनेनं हक्क दिले म्हणता? मग उद्या काढून घेतले की गप्प बसाल. अहो, माणूस आधी, घटना मागनं. तिनं हक्क दिले नाहीत, ओळखले. जत्रेत आई आपलं लेकरू ओळखते तसे."

टोपल्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्या बाया माना हलवायच्या. एवढ्या गंभीरपणे काकांचं म्हणणं कुठल्याच कोर्टानं ऐकून घेतलं नाही.

न्यायाधीशांबद्दलही त्यांचं ठरलेलं होतं. "न्यायाधीश म्हणजे पोस्टमन. पत्र आणून द्यायचं. मजकूर पटला नाही म्हणून वाटेत झाडाखाली बसून दुरुस्त करायचा नाही." आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या पद्धतीवर, "मुलाकडचे तेच, मुलीकडचेही तेच. मग चौकशी करायची कुणी?"

एकदा मी खोडी काढली. "काका, कायद्याच्या वर न्याय असतो म्हणता. मग पत्रातच अन्याय लिहिला असेल तर पोस्टमननं काय करायचं?"

काकांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. "सांगतो. आधी स्टेशन येऊ दे."

कितीतरी स्टेशनं आली, उत्तर आलं नाही. मग मावशीचा दावा आला.

मावशी गंगाखेडकडच्या एका खेड्यातली, नवरा वारलेली, एकटीनं शेत कसणारी. तिचं रान शेजाऱ्याच्या रानामागं. तिची गाडी-बैलं कायम त्याच्या बांधावरून जायची. एका वर्षी तिच्या शेळ्यांनी त्याची तूर खाल्ली, शब्दाला शब्द वाढला आणि त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. दुसरी वाट होती, पण ओढ्यातून. पावसाळ्यात तिथनं बैल जात नव्हते. बांधावरची वाट गेली की शेत पडीक, आणि पडीक शेत घेणार कोण, तर तोच शेजारी.

वीस वर्षं हक्कानं वापरलेली वाट कायदा मान्य करतो. मावशीची तर तीस वर्षांची वहिवाट. मी खुशीत होतो. साक्षीची तयारी करताना तिनं सहज सांगितलं, "दरसाली येळवशीला मी आंबिलीचं गाडगं घिऊन त्यांच्या रानात जाते. इचारते, येऊ का दादा वाटंनं? ते म्हणतेत, ये की. मंग सालभर जाते."

माझ्या हातातला पेन थांबला. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, सगळं गाव रानात जेवतं, एकमेकांना आंबील पाजतं. पण परवानगी घेऊन वापरलेली वाट शंभर वर्षं वापरली तरी हक्काची होत नाही, असंही तोच कायदा सांगतो.

"मावशी, हे कोर्टात बोलायचं नाही."

"का वो? वंगाळ हाय का?"

"चांगलं आहे. म्हणूनच."

पेपरामागून काकांचा आवाज आला. "जे झालं ते सांगायचं."

"काका, दावा जाईल."

"जाऊ दे. खोटं बोलून मिळालेली वाट तिला रानात नेईल, घरी आणणार नाही."

तारखेला समोरच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे दरवर्षी तुम्ही परवानगी घेत होता?"

"इचारावं तर लागतंच की. माणसाच्या रानातून जायचं. तुमी इचारीत न्हाई का?"

कोर्ट हसलं. वकील मात्र समाधानानं खाली बसला.

मग काका उठले. काय सांगू, कोट झटकून ते असे उभे राहिले की पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. "साहेब, ही परवानगी नाही, रीत आहे. लेक माहेरी आली तरी उंबऱ्यातून 'येऊ का' म्हणते. म्हणून तिचं माहेर तुटत नाही. हा अर्थ कागदात नसेल, कागदाच्या आधी आहे."

साहेब तरुण होते, नम्र होते. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "वकीलसाहेब, संविधान दिनाच्या भाषणात तुम्हीच सांगितलं होतं, पोस्टमननं मजकूर दुरुस्त करू नये. मी वहीत लिहून ठेवलंय."

काकांनी मान लववली. "बरोबर आहे साहेब."

पुढच्या तारखेला दावा फेटाळला गेला.

परतताना पोखर्णी आलं तेव्हा काकांनी हात जोडले नाहीत. देवळाच्या दिशेनं नुसतं पाहिलं, एका वकिलानं दुसऱ्या वकिलाकडं पाहावं तसं. मग म्हणाले, "तुझं स्टेशन आलं बघ. साहेब चुकले नाहीत. पत्र त्यांनी बरोबर पोचवलं. पण पत्र वाचून झाल्यावर गावानं कसं वागायचं, ते पत्रात नसतं."

येळवशीला ते मला घेऊन मावशीच्या गावी गेले. ती डोक्यावर गाडगं घेऊन पुढं, आम्ही दोघं मागं. काट्या तशाच होत्या. पलीकडं कडब्याच्या खोपीपाशी शेजाऱ्याचं घरदार जेवत होतं. मावशी काट्यांपाशी थांबली.

"येऊ का दादा?"

निकाल त्याच्या बाजूचा होता. तो उठून आला. तिच्याकडं, आमच्याकडं पाहून म्हणाला, "कोर्टात शपथ घिऊन सांगितलंस ना, मी दरसाली हो म्हणतो म्हून? आता न्हाई म्हणलो तर तू खोटी पडशील."

आणि पायानं काट्या बाजूला सारल्या. "ये. वकिलाला बी आण. लय बोलून घसा कोरडा पडला असंल त्यांचा."

काका तीन पेले आंबील प्यायले. बांधावरून परतताना म्हणाले, "हक्क मिळाला असता तर हिनं विचारणं सोडलं असतं, अन् त्यानं हो म्हणणं." हे मला अर्धंच पटलं. मला कागद हवा होता. खरं सांगतो, अजून हवा आहे. माणसं मरतात, पोरं वेगळी निघतात. पण त्या पेल्याची चव कुठल्याच हुकूमनाम्याला आली नाही.

काका जाऊन चार वर्षं झाली. टीव्हीवर न्यायालय मोठं की संसद मोठी यावर भांडण लागतं तेव्हा मी आवाज बंद करतो आणि ते काय म्हणाले असते ते आठवून बघतो. वाक्यं आठवतात. बशी फुंकतानाची ती थांबण्याची लकब काही जमत नाही.

यंदाच्या येळवशीला मावशीकडंच निघालो होतो. गाडीत मावशीच्या त्या शेजाऱ्याचा फोन आला. "वकीलसाहेब, दोपार व्हायली, मावशी अजून इचारायला आली न्हाई. बरी हाय ना? आमी जेवायचे थांबलोय."

मावशीचे गुडघे धरलेत, येत असेल हळूहळू, म्हणालो. फोन ठेवला. पोखर्णी आलं होतं. काकांना सांगायला वळलो, तर शेजारी मेथीची टोपली होती.

मग टोपलीवाल्या बाईलाच सगळं सांगितलं, अगदी पोस्टमनपासून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि टोपली जरा आपल्याकडं ओढून घेतली, मला पाय पसरता यावेत म्हणून.