हत्तीची वाट आणि मंडळाच्या सूचना

आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळाला निसर्ग फार आवडतो. अट एवढीच, की त्याने अकरा वाजता चहा द्यावा, संडास स्वच्छ ठेवावा आणि सातच्या आत घरी सोडावं. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की आमची सहल निघते, आणि ती कुठे न्यायची यावरून दरवर्षी दोन-तीन घरांत अबोला होतो. गेल्या संक्रांतीला मी बैठकीत हात वर केला आणि म्हटलं, यंदा जागा मी ठरवते. त्या हाताला कुणी आवरायला हवं होतं.

झालं होतं असं. कुवेंपुनगरात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाई ब्लाउज शिवतात. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी घर. दुकानात विठोबाची तसबीर, आणि बोलणं मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपणारं. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मला अक्का म्हणतात. मोठी कोण, हे दोघींनीही शहाणपणाने कधी विचारलेलं नाही. त्यांची धाकटी बहीण हुणसूरच्या पुढे, जंगलाच्या काठावरच्या एका खेड्यात दिलेली आहे. एक दिवस माझ्या दंडाचं माप घेता घेता अक्कांचे डोळे भरून आले.

"तिच्या थोरल्या दिराला वेड लागलंय अक्का. घरामागची जागा रिसॉर्टवाल्याला देतो म्हणतो."

ती जागा म्हणजे जंगल आणि तळं यांच्या मधला गवताचा पट्टा. तिन्हीसांजेला हत्ती त्याच वाटेने पाण्यावर जातात. तिथे नाचणी पेरली की हत्ती निम्मी खाणार आणि निम्मी तुडवणार, हे ठरलेलं. थोरल्या दिरांनी उभा जन्म डबे बडवण्यात, फटाके लावण्यात आणि हत्तींचा उद्धार करण्यात घालवला होता. आता रिसॉर्टवाला म्हणत होता, जागा द्या, मी भोवती भिंत घालतो, कटकट मिटली.

धाकटीला ते नको होतं. कुठल्याशा संस्थेची माणसं गावात येऊन बायकांना शिकवून गेली होती. पट्टा गवताचाच राहू द्या, म्हणाली होती. पाहुणे येतील, गावच्या माणसांबरोबर जंगलाच्या कडेने फिरतील, तुमच्या घरी जेवतील. हत्तीही जगेल आणि तुमची चूलही पेटेल. आजूबाजूच्या बायका तयार झाल्या. तिचा नवरा मात्र हुणसुरात शिवणकाम करतो आणि थोरल्या भावापुढे मशीनसुद्धा हळू चालवतो. दीर हसले. हत्ती बघायला येतील लोक, तुझं मुद्दे आणि सारू खायला कोण येणार, म्हणाले. मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा वाफाळता गोळा, सारू म्हणजे आमटी. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं, की एक दिवस बघू. शहराची माणसं आली, घरचं जेवली आणि खूश होऊन गेली, तर जागा राहील. नाहीतर ते सही करून मोकळे होणार.

"तुमच्या मंडळाला न्या की अक्का," अक्का म्हणाल्या. "तुमची माणसं शिकलेली आहेत, समजूतदार आहेत."

त्या आमच्या मंडळात कधी आल्या नव्हत्या, हे यावरून लक्षात यावं.

'इको-टुरिझम' हा शब्द उच्चारताच अध्यक्षकाका खुर्चीत ताठ बसले. निवृत्त इंजिनियर आहेत. मोठा शब्द दिसला की त्यांना तो वापरावासा वाटतो. रात्रीतून ग्रुपवर त्यांचा संदेश आला, वन्यजीव संरक्षण आणि ग्रामीण रोजगार यांत मंडळाचा खारीचा वाटा. त्याखाली मी लिहिलं, जेवण तिथल्या घरीच आहे, कृपया घरून काही आणू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. अंगठा दाखवणे याचा जुना अर्थ मी विसरले होते.

बस सकाळी निघाली. शहराच्या वेशीवरचं हिनकल मागे पडायच्या आत लसणाच्या चटणीचा घमघमाट सुटला. मी मागे वळून अध्यक्षकाकूंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर एक फुगलेली पिशवी होती आणि तिला त्यांनी तान्ह्या बाळासारखं धरलं होतं.

"काकू, हे काय?"

"अगं, काही नाही. चार धपाटी. रस्त्यात कुणाला भूक लागली तर!"

रस्ता दीड-दोन तासांचा. मी पुन्हा पुढे तोंड केलं. शेजारी अक्का खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात विठोबाला काहीतरी सांगत होत्या, त्यांना कशाला घाबरवायचं!

धाकटीने अंगण सारवून रांगोळी काढली होती. घरामागे चार चुली पेटल्या होत्या, शेजारच्या बायका पहाटेपासून राबत होत्या, आणि ओल्या अवरेकाळूच्या सारूचा, म्हणजे ओल्या पावट्याच्या आमटीचा, असा काही वास येत होता की मला बसमधून उतरल्या उतरल्या भूक लागली. ओट्यावर थोरले दीर बसले होते. पांढरी लुंगी, पांढऱ्या मिशा, हाताची घडी. परीक्षा घ्यायला बसलेल्या माणसाला काय शोभतं ते सगळं त्यांच्याकडे होतं.

आधी आम्ही पट्ट्यावर फिरून आलो. हत्ती काही दिसला नाही. दिसणार कसा? एक तर तो तिन्हीसांजेला येणार, त्यात गावचा माणूस तोंडावर बोट ठेवून पुढे चालत होता आणि मागे आमच्यातल्या दोघी बासुंदी किती आटवायची यावर भांडत होत्या. लीद मात्र दिसली. तिच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले.

मग धाकटी वाढायची तयारी करायला आत गेली. मी हात धुवायला गेले. परत येऊन बघते तर फणसाच्या झाडाखाली सतरंज्या पसरल्या होत्या आणि डबे उघडले होते! चार धपाटी कसली, डोंबल! दशम्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या, गूळपोळ्या, वर साजूक तुपाची बरणी. ग्रामीण रोजगाराला हातभार लावायला आलेली आमची माणसं एकमेकांना आग्रह करकरून वाढत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो काकू, काय चाललंय हे? ती आत पान वाढतेय!"

"अगं, एवढ्या माणसांचा स्वयंपाक," काकू घास तोंडात धरून म्हणाल्या. "बिचारीला कशाला त्रास? पैसे देऊ की आपण पूर्ण."

"काकू, तो त्रास द्यायलाच आलोय ना आपण!"

त्यांना ते कळलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणवत नाही. दुसऱ्याच्या घरी आपला भार पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. समोरच्या बाईला तो भारच हवा असू शकतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटी वाढपाची परात घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. ओट्यावरून दीर उठले. ते आमच्याशी बोलले नाहीत, तिच्याशी बोलले, पण आम्हाला ऐकू जाईल असं.

"बघितलंस नव्हं? तुझ्याकडे जेवायला आलेत. डबे घेऊन."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. अक्कांनी माझा हात धरला. मला वाटलं, इथल्या इथे जमीन दुभंगावी आणि मंडळासकट सगळे डबे आत जावेत.

पण धाकटी रडली नाही. परात खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि सरळ सतरंजीवर येऊन काकूंसमोर बसली.

"फार चांगलं केलंत, आणलंत ते. आमच्यात रीतच आहे. पाहुण्यांनी आणलेलं घरच्यांनी खायचं, आणि घरात केलेलं पाहुण्यांनी. नाहीतर घराला बरं नसतं."

"असली रीत आमच्यात कुठे आहे?" अक्का माझ्या कानात पुटपुटल्या. "सुम्ने सांगते." म्हणजे उगाच, थाप.

थाप होती, पण नेमकी बसली. आमच्या माणसांना विनंती करा, ते नाही म्हणतील. आग्रह करा, ते पोटावर हात फिरवतील. पण रीत म्हटलं की आम्ही गोगलगाय. डबे निमूटपणे पुढे सरकले. धाकटीने ते सगळे उचलून ओट्यावर नेले, दिरांचं पान मांडलं, त्यावर धपाटं ठेवलं, तुपाची धार सोडली. दिरांनी आमच्याकडे बघत बघत ते खाल्लं आणि दुसरं मागितलं.

आमच्या पानांत मुद्दे पडले. वीस-वीस वर्षं म्हैसुरात काढलेली ही माणसं, पण मुद्दे कुणी चाखलेले नव्हते. ते चावायचे नसतात, सारूत बुडवून गिळायचे असतात. काकू निष्ठेने चावत बसल्या आणि त्यांचे दात एकमेकांना चिकटले. बराच वेळ त्या काही बोलू शकल्या नाहीत. त्या सहलीतला तो सगळ्यात शांत काळ. बाकीच्यांनी मात्र सारू दोन-दोनदा घेतलं. मला जरा धीर आला.

आणि मग अध्यक्षकाका आभार मानायला उभे राहिले.

आमच्यात नुसते आभार मानत नाहीत. आभार मानतात आणि सूचना करतात. काका म्हणाले, जागा अप्रतिम, जेवण रुचकर. फक्त काही गोष्टींकडे लक्ष द्यावं. बसायला खुर्च्या हव्यात. संडास पाश्चात्त्य पद्धतीचा हवा. कुणीतरी म्हणालं, सारूत गुळाचा खडा टाकून बघा. कुणाला पोहण्याचा तलाव हवा होता, कुणाला एसी. एका बाईंचं म्हणणं पडलं की हत्ती ठरावीक वेळेला आला तर बरं पडेल, निदान आदल्या दिवशी कळवावं. दीर ऐकत होते. त्यांच्या घरी मराठीच बोलतात, त्यांना शब्द न्‌ शब्द कळत होता. धाकटी मान खाली घालून उभी होती, कारण आमची माणसं जे जे मागत होती ते सगळं रिसॉर्टवाल्याने आधीच कबूल केलेलं होतं. गेली जागा, मी मनात म्हटलं. आपणच घालवली.

"आणि मुख्य म्हणजे," काका समारोपाला आले, "सुरक्षेच्या दृष्टीने मागच्या बाजूला एक भक्कम भिंत हवीच. हत्तीसारखं जनावर असं घरामागून ये-जा करणं काही बरोबर नाही."

"भिंत?"

दीर ओट्यावरून खाली उतरले. हाताची घडी सुटली होती.

"भिंत घातली तर तो पाण्यावर कुठनं जाणार? तुमच्या कुवेंपुनगरातनं?"

काका हसले. थट्टा वाटली त्यांना.

"माझ्या आजोबाच्या आधीपास्नं तो इथनं जातो. माझी नाचणी खाल्ली त्यानं. माझे फणस ओरबाडले. मी त्याला शिव्या देतो. मी देतो! तुम्ही कोण त्याला येऊ नको म्हणणारे? काल आलात, धपाटी खाल्लीत आणि मला माझ्या दारात शिकवता?" मग ते गर्रकन धाकटीकडे वळले. "त्या रिसॉर्टवाल्याला सांगून टाक. जागा द्यायची नाही. भिंत म्हणे!"

ते आत निघून गेले. काकांनी घसा साफ केला आणि उरलेले आभार मानले.

बसमध्ये चढताना ते मला म्हणाले, "चर्चा फलदायी झाली हं. माणूस जरा तापट आहे, पण आपल्या सूचना त्याने मनावर घेतल्या." फलदायी, कपाळ माझं!

सगळ्यात शेवटी मी धाकटीचा निरोप घ्यायला अंगणात परत गेले. ती रिकामे डबे घासूनपुसून, त्यात अवरेकाळू भरून एकेकाला देत होती. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, मला माफ कर गं, असली माणसं घेऊन आले तुझ्या दारी.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "अय्यो, असं काय बोलता! भली माणसं आणली असतीत तर वाहवा करून गेली असती. मग भाऊजी म्हणाले असते, एवढं आवडतंय लोकांना, तर रिसॉर्टच होऊ दे."

मीही हसले. तिने मात्र वळून दाराकडे पाहिलं. आत दीर अजून कुणाला तरी मोठमोठ्याने भिंतीबद्दल सांगत होते. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण अक्का, त्यांचा राग फार दिवस टिकत नाही. उगादी-पाडव्याच्या आत ह्याच माणसांना परत घेऊन या."